लॉजिस्टिक्स कंपनीला सायबर हल्ल्यापासून कसं वाचवायचं: ज्यांच्यावर ही जबाबदारी नव्याने आली आहे त्यांच्यासाठी

इंग्लंडमधली 'नाइट्स ऑफ ओल्ड' ही ट्रक वाहतूक कंपनी १८६५ पासून चालू होती. ती ज्या केएनपी समूहाचा भाग होती, त्याचे सुमारे ५०० ट्रक रस्त्यावर असायचे. जून २०२३ मध्ये 'अकिरा' नावाच्या टोळीने समूहाच्या संगणकांमधला डेटा कुलूपबंद करून खंडणी मागितली. सप्टेंबरमध्ये समूहाने दिवाळखोरी जाहीर केली आणि ७०० च्या आसपास लोकांच्या नोकऱ्या गेल्या. एका कर्मचाऱ्याचा सोपा पासवर्ड ओळखून टोळी आत शिरली, असं मानलं जातं. ट्रक जागेवर होते, चालक होते, ग्राहकही होते. पण हिशेबाच्या नोंदीच हाताशी नसल्याने नवं भांडवल उभं करता आलं नाही.

मी स्वतः बरीच वर्षं डिस्पॅचच्या टेबलावर काढली आहेत. त्यामुळे अशी बातमी वाचली की माझ्या डोळ्यांसमोर रात्रपाळीचा सुपरवायझर उभा राहतो. गाड्या भरून तयार आहेत, चालक कागदांसाठी खोळंबलेत, आणि कुठली गाडी कुठे सोडायची हे सांगणारा स्क्रीन काळाठिक्कर पडलाय. वाहतूक, गोदाम किंवा फॉरवर्डिंगच्या (म्हणजे ग्राहकाच्या मालाची वाहतूक ठरवून देणाऱ्या) कंपनीत ज्यांना नुकतंच कुणीतरी सांगितलंय की 'आता सायबर सिक्युरिटीचं तुम्हीच बघा', त्यांनी या सुपरवायझरला मनात धरून कामाला लागावं.

आपल्या धंद्यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक म्हणजे आपल्याला थांबता येत नाही. थंड साखळीतला माल काही तासांत खराब होतो, जहाज ठरल्या वेळी सुटतं, कारखान्याची लाइन आपल्या गाडीची वाट बघत असते. खंडणीखोरांना हे चांगलं ठाऊक असतं. ज्याला वाट बघणं परवडत नाही तो लवकर पैसे देतो, असा त्यांचा हिशेब असतो. दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. 'अनोळखी माणसाची ई-मेल उघडू नका' हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण डिस्पॅचच्या टेबलावर तो चालत नाही. तिथे अनोळखी माणसाची ई-मेल उघडणं हेच काम असतं. नवा ग्राहक भाडं विचारतो, नवा वाहतूकदार गाडीची कागदपत्रं पाठवतो, परदेशातला एजंट पॅकिंग लिस्ट पाठवतो. त्यामुळे बँकेसाठी किंवा शाळेसाठी लिहिलेले नियम इथे जसेच्या तसे लावले, तर लोक दुसऱ्याच दिवशी ते गुंडाळून ठेवतात.

पायरी १: एका मालाचा माग काढा

सुरुवात सॉफ्टवेअर खरेदीपासून करू नका. एक वही घ्या, एक कन्साइनमेंट निवडा आणि बुकिंगपासून डिलिव्हरीची पोच मिळेपर्यंत तिच्या मागे चाला. प्रत्येक टप्प्यावर तीन गोष्टी लिहा: इथे कोणतं यंत्र किंवा सॉफ्टवेअर लागतं, ते बंद पडलं तर काम किती तास ओढता येईल, आणि ते कोण सांभाळतं.

हे केलंत की आयटीच्या यादीत कधीच नसलेल्या वस्तू सापडतात. वजनकाट्याजवळचा संगणक, ज्यावर कित्येक वर्षं अपडेट झालेलं नाही, कारण काट्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. लेबल प्रिंटर ज्याच्या जिवावर चालतो तो कोपऱ्यातला जुना सीपीयू. गेटवरच्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, ज्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच आहे. हँडहेल्ड स्कॅनर, चालकांच्या फोनमधलं ॲप, गाडीतलं जीपीएस, बाहेरच्या कंपनीने दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेला रिमोट ॲक्सेस, म्हणजे दुरून आपला संगणक चालवायची सोय. गोदामाचं सॉफ्टवेअर बंद पडलं तर सगळ्यांना लगेच कळतं. लेबल प्रिंटर बंद पडला तर गोदाम तेवढंच ठप्प होतं, पण त्याचा विचार आधी कुणी केलेला नसतो.

वहीतल्या 'किती तास' या रकान्यात ज्यांच्यासमोर सर्वात लहान आकडा आहे, ती तुमची पहिली कामं.

पायरी २: लॉगिन आणि पासवर्ड

अमेरिकेतली कलोनियल ही इंधनाची पाइपलाइन मे २०२१ मध्ये बंद पडली, तेव्हा हल्लेखोर एका जुन्या व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची वाट) खात्यातून शिरले होते. ते खातं वापरात नव्हतं, पण चालू होतं, आणि पासवर्डखेरीज दुसरी तपासणी त्याला नव्हती. तेव्हा आधी खाती मोजा. सोडून गेलेले कर्मचारी, संपलेल्या कंत्राटातले तंत्रज्ञ, 'टेस्ट' नावाने कधीतरी उघडलेली खाती, सगळी बंद करा. माणूस नोकरी सोडतो त्याच दिवशी त्याचं खातं बंद व्हायला हवं. हे एचआरच्या चेकलिस्टमध्ये लिहून घ्या, कुणाच्या आठवणीवर सोडू नका.

मग दुहेरी पडताळणी. ई-मेल, व्हीपीएन, वाहतुकीचं सॉफ्टवेअर, बँकेचं पोर्टल आणि लोडबोर्ड (माल आणि गाड्या जुळवणारं संकेतस्थळ), या पाच ठिकाणी ती आधी लावा. एसएमएसवर येणाऱ्या ओटीपीपेक्षा फोनमधलं, स्वतः कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप बरं आणि त्याहून यूएसबीसारखी सुरक्षा-किल्ली बरी. पण ओटीपीशिवाय दुसरं काही जमत नसेल तर तोही लावा, काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

पासवर्ड दर ३० दिवसांनी बदलायला लावू नका. लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात, एवढंच होतं. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही २०१७ मध्येच असा सक्तीचा बदल टाळायला सांगितलं आहे. लांब पासवर्ड ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा, आणि लक्षात ठेवायला पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारं सॉफ्टवेअर, द्या. फुटल्याचा संशय आला तर मात्र लगेच बदला.

गोदामात एक लॉगिन सहा जण वापरतात, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात दिसेल. रागावण्याआधी पाळी बदलताना दहा मिनिटं तिथे उभे राहा. गाडी धक्क्याला लागलेली, स्कॅनर एकच, लॉगआउट-लॉगिनला दीड मिनिट लागतो. माणूस शॉर्टकट घेणारच. त्याला ओळखपत्र टेकवून किंवा छोटा पिन दाबून आत जाता येईल अशी सोय करा, मग सामायिक लॉगिन बंद करा. या क्रमाने केलं तरच ते टिकतं.

पायरी ३: ई-मेल, फोन आणि खोटा वाहतूकदार

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण लहान कंपन्यांचे पैसे बहुतेक याच वाटेने जातात.

मी एका कंपनीत असताना घडलेली गोष्ट. शुक्रवार, संध्याकाळचे पावणेसहा. अकाउंट्स बघणाऱ्या मॅडमना नेहमीच्या वाहतूकदाराची ई-मेल आली. नवी नव्हे, चालू असलेल्या जुन्याच संभाषणात उत्तर म्हणून आलेली. 'आमचं खातं ऑडिटमुळे तात्पुरतं बंद आहे. या महिन्याचं भाडं खालील खात्यावर जमा करावं. चालकांचे पगार अडलेत, आज झालं तर बरं होईल.' खाली नेहमीची सही, नेहमीचा लोगो. मॅडम काळजी घेणाऱ्या होत्या. त्यांनी सहीखालच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या माणसाने नाव सांगितलं, गाड्यांचे नंबरही बरोबर सांगितले. पैसे गेले. सोमवारी खऱ्या वाहतूकदाराचा फोन आला, 'भाडं अजून जमा झालं नाही.'

वाहतूकदाराची मेलबॉक्स आधीच फोडली गेली होती. चोर काही आठवडे नुसते वाचत बसले होते, म्हणून त्यांना गाड्यांचे नंबर माहीत होते. सहीखालचा फोन नंबर त्यांनी बदलला होता आणि मॅडमनी चोरालाच फोन करून खात्री करून घेतली होती. मॅडमचं काहीच चुकलं नव्हतं, नियम अर्धवट होता. पूर्ण नियम असा: बँक खातं बदलण्याची विनंती कुठूनही आली, तरी आपल्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर आपण फोन करायचा, ओळखीच्या माणसाशी बोलायचं, आणि दुसऱ्या सहकाऱ्याने सही केल्याशिवाय खातं बदलायचं नाही. साहेबांचा 'तातडीने करा' असा निरोप आला तरी हाच नियम. उलट साहेबांनी सगळ्यांसमोर एकदा सांगून टाकावं की, 'माझ्या नावाने घाई झाली तरी थांबा, मी रागावणार नाही.' हे वाक्य कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त पैसे वाचवतं.

पत्ता बघताना अक्षरं वेगवेगळी वाचा. 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवले की लहान अक्षरांत फरक दिसत नाही.

आता माल चोरणारे चोरही संगणकावरून येतात. अलीकडे उघडकीला आलेली पद्धत अशी: टोळी आधी लोडबोर्डवरचं कुणाचं तरी खातं ताब्यात घेते आणि त्यावर खोटा लोड टाकते. वाहतूकदाराने विचारणा केली की त्याला करारपत्राच्या नावाखाली लिंक पाठवते. लिंक उघडली की त्याच्या संगणकावर रिमोट ॲक्सेसचं सॉफ्टवेअर बसतं. ते एरवी आयटीवाले वापरतात तेच असल्याने अँटिव्हायरस ओरडत नाही. मग टोळी त्या वाहतूकदाराच्या नावाने खरे लोड उचलते आणि माल गायब होतो. म्हणून कर्मचाऱ्यांच्या संगणकावर स्वतःहून सॉफ्टवेअर बसवण्याची परवानगी काढून घ्या, आणि कंपनीत रिमोट ॲक्सेसचं एकच ठरलेलं साधन ठेवा, बाकीची अडवा. माल सोपवताना गाडी नंबर, चालकाचं ओळखपत्र आणि आदल्या दिवशी आपण स्वतः फोन करून घेतलेली खात्री, तिन्ही जुळल्याशिवाय गेटबाहेर काही सोडू नका.

बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात २०११ ते २०१३ या काळात अमली पदार्थांच्या तस्करांनी हॅकर लावून कंटेनर कुठे ठेवलाय आणि त्याचा रिलीज पिन (कंटेनर ताब्यात घ्यायला लागणारा कोड) काय, हे मिळवलं होतं. आधी ई-मेलमधून, आणि ती वाट बंद झाल्यावर कार्यालयात घुसून संगणकांना टायपिंग नोंदवणारी छुपी उपकरणं जोडून. खरा मालक पोचायच्या आत त्यांचा चालक कंटेनर घेऊन जायचा. रिलीज पिन म्हणजे रोख रक्कम समजा. तो ग्रुपवर टाकू नका, प्रत्येकाला दिसेल अशा फाइलीत ठेवू नका.

पायरी ४: अपडेट करा आणि नेटवर्क तोडून ठेवा

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचं घातक सॉफ्टवेअर पसरलं, ते युक्रेनमध्ये कराच्या हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मर्स्क ही जगातल्या सर्वात मोठ्या कंटेनर वाहतूक कंपन्यांपैकी एक, तिचे संगणक जगभर एकामागून एक बंद पडले. टर्मिनलच्या गेटबाहेर ट्रकच्या रांगा लागल्या, बुकिंग बंद झालं. नंतर कंपनीने सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं. विंडोजमधल्या ज्या भगदाडाचा त्यात वापर झाला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती.

पण नुसतं अपडेट पुरलं नसतं, हे नवीन माणसाने नीट समजून घ्यावं. नॉटपेट्या एका संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड उचलून अपडेट झालेल्या संगणकांतही शिरत होतं. म्हणून दुसरा उपाय लागतो: नेटवर्कचे कप्पे करा. जहाजाच्या तळाला पाणी शिरलं तर एकच कप्पा भरावा, म्हणून भिंती असतात, तसंच हे. कॅमेरे एका कप्प्यात, वजनकाटा आणि प्रिंटर दुसऱ्यात, कार्यालय तिसऱ्यात, पाहुण्यांचा वायफाय पूर्ण वेगळा. वजनकाट्याचा तो जुना संगणक बदलता येत नसेल, तर निदान त्याला इंटरनेट देऊ नका.

अपडेटचा क्रम ठरवताना इंटरनेटला तोंड करून असलेली साधनं आधी घ्या: व्हीपीएन, फायरवॉल (बाहेरची नको ती जोडणी अडवणारी भिंत), मेल सर्व्हर. त्यांचं सुरक्षा अपडेट आलं की 'पुढच्या महिन्याच्या शटडाउनमध्ये बघू' म्हणू नका. हल्लेखोर त्या अपडेटची बातमी आपल्याइतक्याच उत्सुकतेने वाचतात.

ज्यांचं सॉफ्टवेअर तुम्ही भाड्याने वापरता त्यांनाही विचारा: तुमच्यावर हल्ला झाला तर आम्हाला किती तासांत कळवाल, आणि आमचा डेटा आमच्याकडे कसा येईल? नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्लू यॉन्डर या पुरवठा साखळीच्या सॉफ्टवेअर कंपनीवर खंडणीचा हल्ला झाला, तेव्हा त्रास तिच्या ग्राहकांना झाला. उत्तर करारात लिहून घ्या.

पायरी ५: बॅकअप

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक इमारतीबाहेर. हा जुना नियम आजही खरा आहे, फक्त एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तुटलेली हवी. आत शिरलेली टोळी आधी बॅकअप शोधून नष्ट करते आणि मगच कुलूप लावते.

मर्स्ककडे बहुतेक सर्व्हरचे बॅकअप होते, पण ज्यावर सगळी लॉगिन व्यवस्था उभी असते त्या डोमेन कंट्रोलरचा वेगळा बॅकअप नव्हता. ते सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवायचे, त्यामुळे सगळे एकदम गेले. घानातल्या कार्यालयातला तेवढा एक वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो बंद होता. तिथून त्याचा डेटा हातोहात इंग्लंडला न्यावा लागला. तुमच्या यादीत बघा: लॉगिनची व्यवस्था, फायरवॉलची सेटिंग, दरपत्रकं, ग्राहकांचे खास नियम, यांचा बॅकअप आहे का? बिलांचा असतो, यांचा बऱ्याचदा राहून जातो.

आणि परत आणून बघा. घड्याळ लावून, एका रिकाम्या संगणकावर. पहिल्या प्रयत्नात हमखास काहीतरी अडतं: लायसन्सची की सापडत नाही, एन्क्रिप्शनचा पासवर्ड त्याच सर्व्हरवर असतो. हे आज कळलं तर किरकोळ आहे.

पायरी ६: संगणकाशिवाय तीन दिवस

फेब्रुवारी २०२२ मध्ये एक्स्पीडिटर्स या मोठ्या फॉरवर्डिंग कंपनीला हल्ल्यामुळे आपल्या बहुतेक यंत्रणा बंद कराव्या लागल्या आणि जवळपास तीन आठवडे काम मर्यादित राहिलं. जुलै २०२३ मध्ये जपानच्या नागोया बंदरातल्या कंटेनर टर्मिनलचं काम दोन दिवसांहून अधिक थांबलं. इतक्या मोठ्यांना एवढा वेळ लागतो, तर आपण तीन दिवस कागदावर चालू शकतो का, हे आधी तपासून घ्यायला हवं.

रोज संध्याकाळी उद्याच्या फेऱ्यांची यादी छापा: गाडी, चालकाचा फोन, माल, पत्ता, ग्राहकाचा संपर्क, वेळ. छापील बिल्ट्या आणि गेटपास क्रमांक घालून कपाटात ठेवा, म्हणजे नंतर नोंदी जुळवता येतात. महत्त्वाच्या पन्नास माणसांचे फोन नंबर कागदावर ठेवा, कारण ई-मेल बंद असेल तेव्हा संपर्कयादीही बंद असेल. मग तीन महिन्यांतून एकदा, एका डेपोत, अर्धा दिवस सगळे स्क्रीन बंद ठेवून काम करा. जुन्या माणसांना त्या दिवशी मान मिळतो, कारण कागदावर गोदाम कसं चालतं हे त्यांनाच माहीत असतं. त्यांच्याकडून नव्या मुलांनी शिकून घ्यावं, हाही या सरावाचा मोठा फायदा.

पायरी ७: हल्ला झालाच तर

स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी दिसली की नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा. संगणकाचा वीजपुरवठा शक्यतो बंद करू नका, मेमरीतले पुरावे जातात. फॉरमॅट करू नका. चिठ्ठीचा फोटो काढा, वेळ लिहा.

पूर्ण डेपो इंटरनेटपासून तोडायचा अधिकार रात्री तीन वाजता कुणाकडे आहे, हे आज लेखी ठरवा. माझ्या मते तो रात्रपाळीच्या सुपरवायझरकडेच हवा, आणि नंतर तो इशारा खोटा निघाला तरी त्याला जाब विचारायचा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये हल्ला लक्षात आल्यावर डीपी वर्ल्ड या बंदरं चालवणाऱ्या कंपनीने ऑस्ट्रेलियातल्या आपल्या टर्मिनलचा इंटरनेट स्वतःहून तोडला. सुमारे ३०,००० कंटेनर अडकले, पण तीन दिवसांत काम पुन्हा सुरू झालं.

पुढची बोलणी कंपनीच्या ई-मेलवर करू नका, हल्लेखोर ती वाचत असू शकतात. विमा कंपनी, पोलीस आणि देशाची सायबर यंत्रणा यांना लगेच कळवा. ग्राहकांना पहिल्याच दिवशी सांगा. त्यांचा माल कुठे आहे हे फोनवरून सांगता आलं, तर बहुतेक जण सांभाळून घेतात. चार दिवस लपवलंत तर घेत नाहीत.

खंडणी द्यायची का? माझं उत्तर नाही असं आहे. कलोनियल पाइपलाइनने सुमारे ४४ लाख डॉलर दिले, आणि मिळालेलं कुलूप उघडायचं साधन इतकं संथ होतं की त्यांना स्वतःच्या बॅकअपवरच यावं लागलं. युरोपोल आणि डच पोलिसांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर काही प्रकारच्या कुलपांच्या किल्ल्या मोफत मिळतात, तिथे आधी बघा.

यंत्रणा परत उभी राहिली की सगळ्यांना झोप हवी असते, आणि नेमकं तेव्हाच एक काम उरलेलं असतं. ऑस्ट्रेलियाच्या टोल ग्रुप या वाहतूक कंपनीवर जानेवारी २०२० च्या अखेरीस खंडणीचा हल्ला झाला, आणि मे महिन्यात, वेगळ्याच टोळीकडून, पुन्हा झाला. म्हणून टोळी आत कुठून आली हे सापडेपर्यंत तपास बंद करू नका. सगळे पासवर्ड बदला, यंत्रांनी आपापसात वापरायच्या खात्यांचेही. बॅकअपमधून आणलेल्या प्रत्येक सर्व्हरला जोडण्याआधी तपासा, आणि पुढचे काही महिने लॉगिनच्या नोंदी रोज सकाळी कुणीतरी चहाआधी वाचायच्या, असं त्या माणसाच्या नावासकट ठरवून टाका.